एका ग्राहकाकडे सुधारलेला बग दुसऱ्या ग्राहकाकडे परत येतो, तेव्हा एसआरएसमध्ये काय तपासावे

पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करताना आमच्या टीमला एकाच जातीचा बग वर्षानुवर्षे छळत होता. एका ग्राहकाकडे व्यवसाय कराची कपात चुकते, डेव्हलपर ती दुरुस्त करतो, टेस्टर पास करतो, रिलीज जातो. दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाकडून तशीच तक्रार येते. कोड उघडला तर तो एसआरएसप्रमाणेच (सॉफ्टवेअरने काय करायचे त्याच्या रिक्वायरमेंट, म्हणजे अपेक्षा, लिहिलेला दस्तऐवज) चाललेला असतो. चूक एसआरएसमध्ये असते आणि तिथेही ती एका जागी नसते. प्रत्येक ग्राहकासाठी एक प्रत, प्रत्येक प्रतीत थोडा वेगळा मजकूर, आणि कोणता फरक मुद्दाम ठेवलेला आहे नि कोणता नजरचुकीने राहिला आहे हे सांगणारे कोणीच नाही.

एकच प्रॉडक्ट अनेक ग्राहकांना, अनेक राज्यांत किंवा अनेक मॉडेलांत देणाऱ्या प्रत्येक टीमला हे दुखणे कधी ना कधी होते. माझे उदाहरण पगाराचे आहे, कारण त्यातला फरक सरकारी कायद्यातून येतो आणि कोणालाही पडताळून पाहता येतो.

लक्षणे

आधी खात्री करून घ्या की दुखणे हेच आहे. एसआरएस उघडा आणि हे शब्द शोधा: 'लागू असल्यास', 'ग्राहकाच्या धोरणानुसार', 'आवश्यकतेनुसार', 'कॉन्फिगरेबल असावे', 'योग्य त्या दराने', 'इत्यादी'. जिथे जिथे असा शब्द सापडेल तिथे लिहिणाऱ्याला फरक ठाऊक होता, पण तो त्याने मांडला नाही. 'कॉन्फिगरेबल असावे' हे त्यातले सर्वांत धोक्याचे. काय बदलता यावे, कोणी बदलावे, किती पर्यायांतून निवडावे आणि एकदा निवडल्यावर पुन्हा बदलता येईल का, यातला एकही प्रश्न ते सोडवत नाही. डेव्हलपर मग स्वतःच्या अंदाजाने उत्तर देतो, आणि तो अंदाज एसआरएसमध्ये परत कधीच येत नाही.

दुसरी तपासणी थोडी कष्टाची आहे, पण टाळू नका. दोन ग्राहकांच्या एसआरएस शेजारी ठेवून कंपेअर करा. सापडलेला प्रत्येक फरक तीनपैकी एका ढिगात टाका: मुद्दाम ठेवलेला, एका बाजूला सुधारून दुसरीकडे राहून गेलेला, आणि नुसता शब्दांचा. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा वाद झाले ते चौथ्या ढिगावरून, म्हणजे 'हा मुद्दाम ठेवलाय की राहून गेलाय, आता कोणालाच आठवत नाही' या ढिगावरून. तुमच्याकडे असा ढीग तयार झाला तर निदान पक्के समजा.

एक आकडा, दोन अर्थ

आमच्या डोळ्यांत अंजन घातले ते 25,000 या आकड्याने.

महाराष्ट्रात 1975 च्या कायद्यानुसार व्यवसाय कर लागतो. पुरुष कर्मचाऱ्याला महिन्याला ₹7,500 पर्यंत काही नाही, त्यापुढे ₹10,000 पर्यंत ₹175, आणि त्याहून जास्त पगार असेल तर महिन्याला ₹200, फक्त फेब्रुवारीत ₹300. महिलांसाठी करमाफीची मर्यादा 1 एप्रिल 2023 पासून ₹25,000 झाली. फेब्रुवारीतल्या ₹300 चा हिशेब सरळ आहे: राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 ने या कराला वर्षाला ₹2,500 ची कमाल मर्यादा घातली आहे, आणि 11 महिन्यांचे ₹200 नि एका महिन्याचे ₹300 मिळून बरोबर तेवढेच होतात.

आता कर्नाटक बघा. तिथेही 25,000 आहे, पण ती मर्यादा स्त्री-पुरुष सर्वांना एकच, आणि कर लागतो तो 25,000 व त्याहून जास्त पगाराला. म्हणजे बरोबर ₹25,000 पगार असलेल्या महिलेला मुंबईत कर शून्य आणि बेंगळुरूमध्ये ₹200. फेब्रुवारीचे ₹300 कर्नाटकात पूर्वी नव्हते; ते 1 एप्रिल 2025 पासून आले.

आमच्या ॲनालिस्टने कर्नाटकची प्रत महाराष्ट्राच्या प्रतीवरून तयार केली होती. 25,000 हा आकडा दोन्हीकडे असल्यामुळे तपासणाऱ्याची नजर त्यावरून सहज पुढे गेली. 'महिला' ही अट कर्नाटकच्या प्रतीत तशीच राहिली आणि 'पर्यंत' हा शब्दही. यात ॲनालिस्टला दोष देणे मला पटत नाही. दस्तऐवजाची रचनाच अशी होती की पूर्ण परिच्छेद उचलल्याशिवाय काम पुढे जात नव्हते, आणि परिच्छेद उचलला की त्यात दडलेला फरक सोबत येणारच.

मूळ कारण

'फरक' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली, काळानुसार होणारा बदल. कर्नाटकात फेब्रुवारीची रक्कम 2025 मध्ये बदलली. जुना आणि नवा नियम एका वेळी चालू नसतात, पण फेब्रुवारी 2025 चा पगार नंतर कधी पुन्हा काढावा लागला तर जुनाच नियम हवा. दुसरी, ग्राहकागणिक किंवा राज्यागणिक असलेला फरक. हे नियम एकाच वेळी शेजारी शेजारी जिवंत असतात. तिसरी, चालू सॉफ्टवेअरमधला डेटा. कर्मचारी महिला आहे की पुरुष हा प्रॉडक्टमधला फरक नाही. प्रत्येक ग्राहकाकडे दोघेही असतात. ती नेहमीच्या हिशेबातली एक अट आहे.

पहिल्याला व्हर्जन म्हणतात आणि दुसऱ्याला व्हेरियंट. आमच्या एसआरएसमध्ये हे तिन्ही एकाच वाक्यात बसवलेले होते, म्हणून एकाला हात लावला की दुसरे हलायचे.

हा विचार जुना आहे. डेव्हिड पार्नास यांनी 1976 मध्ये प्रोग्रामांच्या कुटुंबाची कल्पना मांडली: एकेका सदस्याचे तपशील बघण्याआधी सगळ्यांत समान काय आहे त्याचा अभ्यास करणे जिथे फायद्याचे ठरते, तो संच म्हणजे कुटुंब. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये फोडा (फीचर-ओरिएंटेड डोमेन ॲनालिसिस) ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि फीचर मॉडेलचे झाड, म्हणजे प्रॉडक्टमधल्या सक्तीच्या नि ऐच्छिक फीचरांची फांद्यांसारखी मांडणी, तिथून रूढ झाले. 2005 मध्ये क्लाउस पोल, गुंटर ब्योकले आणि फ्रांक फान डर लिंडेन यांनी फरकाचे मॉडेल रिक्वायरमेंटपासून वेगळे काढून स्वतंत्र मांडावे, असा आग्रह धरला. आमचे दुखणे सुटले ते या तिसऱ्या कल्पनेने. फरक वाक्यांत विखुरलेला न ठेवता त्याला नाव द्यायचे, एका जागी लिहायचे, आणि वाक्यांनी त्या नावाकडे बोट दाखवायचे.

उपाय: आधी प्रश्न, मग झाड

चित्र काढायला लगेच बसू नका. आधी एक साधा तक्ता करा, एक्सेलमध्ये चालेल. प्रत्येक ओळीत ग्राहकाला विचारता येईल असा एक प्रश्न लिहा. व्यवसाय कर लागू आहे का? (दिल्ली आणि हरियाणात तो नाहीच.) कोण आकारते, राज्य सरकार की स्थानिक संस्था? महिन्याला कापायचा की सहामाही? (तामिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्थांकडे जातो आणि सहामाही असतो.) एखाद्या महिन्याची रक्कम वेगळी आहे का? प्रत्येक प्रश्न म्हणजे एक व्हेरिएशन पॉइंट, आणि त्याचे प्रत्येक उत्तर म्हणजे एक व्हेरियंट.

प्रश्नासमोर आणखी दोन रकाने ठेवा: हे उत्तर कोण देतो, आणि कधी देतो. दुसरा रकाना बहुतेक टीम गाळतात आणि तिथेच अडकतात. सॉफ्टवेअर बांधतानाच उत्तर पक्के होते, की ग्राहकाकडे बसवताना, की प्रत्येक शाखा नोंदवताना, की पगार काढण्याच्या क्षणी? याला बाइंडिंग टाइम म्हणतात. एकाच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या वेळी ठरले तर रिक्वायरमेंट पूर्ण बदलते.

दर आणि टप्पे या तक्त्यात आणू नका. ₹175, ₹200, ₹25,000 हे व्हेरियंट नाहीत. ते 'कधीपासून कधीपर्यंत' या तारखांसह दर-तक्त्यात राहणारे आकडे आहेत, आणि मर्यादा स्वतः टप्प्यात धरायची की नाही हेही तिथेच लिहायचे. पहिल्या प्रयत्नात आम्ही प्रत्येक दराला फीचर केले होते. झाड इतके फुगले की ते कोणी वाचेना. सरकारी अधिसूचना आली की फक्त आकडा बदलणार असेल तर तो डेटा, वागणूक बदलणार असेल तर व्हेरियंट. ही कसोटी आम्ही आजही वापरतो.

तक्ता तयार झाला की झाड आपोआप दिसते:

व्यवसाय कर – ऐच्छिक
– आकारणारी संस्था – सक्तीचे. राज्य / स्थानिक संस्था, एक किंवा दोन्ही
– कपातीचा कालावधी – सक्तीचे. मासिक / सहामाही, एक किंवा दोन्ही
– वेगळ्या रकमेचा महिना – ऐच्छिक

आडव्या अटी (झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांना जोडणाऱ्या):
'सहामाही' निवडले तर 'सहामाही उत्पन्नाची मोजणी' हवीच.
'वेगळ्या रकमेचा महिना' निवडला तर 'मासिक' हवेच.

'एक किंवा दोन्ही' या तीन शब्दांमागे आमचे बरेच कष्ट आहेत. सुरुवातीला आम्ही तिथे 'यांपैकी एकच' लिहिले होते, कारण तोवरच्या प्रत्येक ग्राहकाचे कार्यालय एकाच राज्यात होते. मग पुणे, बेंगळुरू आणि चेन्नई अशा तीन ठिकाणी माणसे असलेला ग्राहक आला. मॉडेलच्या मते असा ग्राहक असूच शकत नव्हता. मॉडेल चुकले होते, पण मला त्याचा उपयोगच वाटला: आमचे गृहीतक पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलेले होते, म्हणून ते मोडले तेव्हा दिसले. जुन्या प्रतींमध्ये हे कोडमध्ये शिरल्यावर आणि पहिला पगार निघाल्यावर कळले असते. दुरुस्ती अशी केली की राज्य हे ग्राहकाच्या पातळीवर न ठरता कर्मचाऱ्याच्या कामाच्या ठिकाणाच्या पातळीवर ठरते. व्हेरिएशन पॉइंट तोच, बाइंडिंग टाइम बदलला.

वाक्ये कशी लिहायची

आमचे जुने वाक्य असे होते: 'व्यवसाय कर लागू असल्यास ग्राहकाच्या राज्यानुसार योग्य दराने दरमहा कापावा. फेब्रुवारीत ₹300 कापावेत. महिलांना ₹25,000 पर्यंत सूट द्यावी.' यात व्हेरियंट, डेटा आणि हिशेबाची अट एकमेकांत गुंतलेली आहेत.

रोल्स-रॉईसमधल्या ॲलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ईअर्स (इझी ॲप्रोच टू रिक्वायरमेंट्स सिंटॅक्स) नावाचे रिक्वायरमेंट लिहिण्याचे काही साचे मांडले. त्यातला एक साचा खास ऐच्छिक फीचरसाठी आहे. त्याचे मराठी रूप 'जिथे … आहे, तिथे' असे छान बसते. 'जेव्हा' हा शब्द घटनेसाठी राखून ठेवायचा आणि 'जिथे' फक्त व्हेरियंटसाठी. एवढी शिस्त पाळली तरी अर्धा गोंधळ कमी होतो. नवी वाक्ये अशी (पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, व्यवसाय कर):

पीटी-01: जिथे व्यवसाय कर लागू आहे, तिथे प्रणालीने कर्मचाऱ्याच्या कामाच्या ठिकाणाचा आणि पगाराच्या महिन्यात अमलात असलेला दर-तक्ता वापरावा.

पीटी-02: जिथे कपातीचा कालावधी मासिक आहे, तिथे प्रणालीने त्या महिन्याच्या वेतनावरून रक्कम ठरवून त्याच महिन्यात कापावी.

पीटी-03: जिथे कपातीचा कालावधी सहामाही आहे, तिथे प्रणालीने सहा महिन्यांच्या एकूण उत्पन्नावरून रक्कम ठरवावी.

पीटी-04: जिथे वेगळ्या रकमेचा महिना आहे, तिथे प्रणालीने त्या महिन्यात दर-तक्त्यातली वेगळी रक्कम कापावी.

पीटी-05: कोणत्याही एका राज्याला किंवा एका स्थानिक संस्थेला एका कर्मचाऱ्यासाठी वर्षभरात ₹2,500 पेक्षा जास्त कपात जाऊ नये.

पाचव्या वाक्यात 'जिथे' नाही. ती मर्यादा घटनेतून येते, म्हणून ती साऱ्या कुटुंबाची समान रिक्वायरमेंट आहे. तीही आधी सहा प्रतींत सहा वेळा लिहिलेली होती, आणि दोन ठिकाणी 'एका संस्थेला' हा तपशील गळाला होता. महिलांची सूट मात्र वाक्यांतून पूर्ण निघाली. ती महाराष्ट्राच्या दर-तक्त्यातली एक ओळ झाली.

इथे घाई केली तर काय होते

एका प्रकारासाठी लिहिलेली रिक्वायरमेंट दुसऱ्या प्रकारात विचार न करता गेल्याचे जगभर शिकवले जाणारे उदाहरण म्हणजे एरियन 5 हे युरोपीय रॉकेट. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून त्याचे पहिले उड्डाण झाले. दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर आधीच्या एरियन 4 या रॉकेटमधून आले होते. त्यातली जमिनीवर जुळवणी करणारी क्रिया उड्डाणानंतरही सुमारे 40 सेकंद चालू राहायची, कारण एरियन 4 मध्ये उलटी मोजणी शेवटच्या क्षणी थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, अशी गरज होती. एरियन 5 ला उड्डाणानंतर या क्रियेचा काहीच उपयोग नव्हता. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीपासूनच खूप जास्त होता. त्या वेगाशी निगडित 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत बसवताना ओव्हरफ्लो झाला, सुमारे 37 सेकंदांनी मुख्य आणि राखीव अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या आणि रॉकेट नष्ट झाले. 'जिथे मोजणी पुन्हा सुरू करण्याची सोय आहे, तिथे' एवढी अट त्या क्रियेसमोर उघडपणे लिहिलेली असती, तर नव्या रॉकेटसाठी ती हवी की नको हा प्रश्न समोर आला असता, असे मला मनापासून वाटते.

झाड स्वतःच बिघडले आहे का, ते तपासा

मॉडेल वाढले की त्यात विसंगती शिरतात. एखादे फीचर झाडात दिसते, पण आडव्या अटींमुळे ते कोणत्याच ग्राहकाला निवडता येत नाही. त्याला मृत फीचर म्हणतात. कधी ऐच्छिक लिहिलेले फीचर प्रत्यक्षात सगळ्यांना घ्यावेच लागते. सर्वांत वाईट म्हणजे कोणतीही निवड वैध ठरत नाही अशी अवस्था. छोटे झाड हाताने तपासता येते. मोठ्यासाठी डॉन बाटोरी यांनी 2005 मध्ये दाखवलेला मार्ग आहे: फीचर मॉडेलचे तर्कशास्त्रीय सूत्र करायचे आणि सॅट सॉल्व्हरला, म्हणजे असे सूत्र खरे ठरू शकते का हे शोधणाऱ्या प्रोग्रामला, विचारायचे. एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरवर चालणारे फीचरआयडीई हे मोफत साधन ही तपासणी झाड काढता काढताच करते. ज्यांनी लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधताना पर्याय निवडण्यासाठी 'मेन्यूकॉन्फिग' वापरले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल; तिथे हजारो पर्याय आणि त्यांची परस्परावलंबने केकॉन्फिग भाषेत अशीच लिहिलेली असतात. त्यात 'सिलेक्ट' हा शब्द ज्या पर्यायाला चालू करतो त्याच्या स्वतःच्या अटी न बघताच चालू करतो, म्हणून कर्नलच्या दस्तऐवजातच तो जपून वापरा असे सांगितले आहे. आपल्या झाडातल्या 'हवेच' या अटींनाही तीच काळजी लागते.

टेस्टिंगमध्ये फीचरांच्या सगळ्या शक्य निवडी तपासण्याचा हट्ट धरू नका. एकमेकांपासून स्वतंत्र अशी 10 ऐच्छिक फीचर असली तर 1,024 प्रकार होतात, 20 असली तर दहा लाखांच्या वर. आम्ही दोन-दोन व्हेरियंटांची प्रत्येक जोडी निदान एकदा एकत्र येईल एवढेच प्रकार निवडतो, आणि जिथे 'एक किंवा दोन्ही' आहे तिथे दोन्ही असलेला प्रकार सक्तीने घेतो. वर्षाच्या मध्यात पुण्याहून चेन्नईला बदली झालेला कर्मचारी, म्हणजे अर्धे वर्ष मासिक आणि अर्धे सहामाही, ही टेस्ट केस झाडाकडे बघूनच सुचली. जुन्या सहा प्रती वाचून ती कोणाला सुचली नव्हती, कारण कोणत्याही एका प्रतीत ती शक्यच नव्हती.

पुन्हा होऊ नये म्हणून

नव्या ग्राहकाची मागणी आली की तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. असलेला व्हेरियंट चालतो का? नसेल तर असलेल्या व्हेरिएशन पॉइंटला नवा व्हेरियंट लागतो का? तेही नसेल तर नवा व्हेरिएशन पॉइंट लागतो का? तिसऱ्या उत्तराला टीमबाहेरची एक मंजुरी ठेवा, कारण प्रत्येक नव्या पॉइंटचा खर्च पुढच्या प्रत्येक रिलीजला भरावा लागतो. 'पुढे कोणाला तरी लागेल' म्हणून पॉइंट घालू नका. आम्ही असे दोन घातले होते आणि वर्षभराने काढून टाकले.

झाडाचा मालक एकच माणूस असू द्या. ग्राहकाची एसआरएस हवी असेल तर ती त्याच्या उत्तरांवरून मूळ दस्तऐवजातून काढून द्या, आणि त्या काढलेल्या प्रतीत कोणालाही थेट बदल करू देऊ नका. हा नियम पाळायला सर्वांत अवघड आहे. ग्राहकासोबत मीटिंगमध्ये बसलेला ॲनालिस्ट समोरच्या प्रतीतच ओळ बदलतो. त्याची अडचण खरी असते. आम्ही त्याला प्रतीच्या शेवटी 'मूळ दस्तऐवजात न्यायचे बदल' असे कोरे पान दिले, आणि दर शुक्रवारी ते पान रिकामे करतो.

कर्नाटकाची 2025 ची दुरुस्ती ही या रचनेची पहिली खरी परीक्षा होती. पीटी-04 तशीच राहिली. कर्नाटकाच्या दर-तक्त्यात 1 एप्रिल 2025 पासूनची एक ओळ वाढली, आणि कर्नाटकासाठी 'वेगळ्या रकमेचा महिना' हे उत्तर 'नाही'चे 'हो' झाले. तिथे आम्ही पुन्हा एकदा ठेचकाळलो: उत्तर बदलले, पण उत्तराला तारीख नव्हती, त्यामुळे फेब्रुवारी 2025 चा पगार पुन्हा काढला तर ₹300 कापले जाऊ लागले. आता तक्त्यातल्या प्रत्येक उत्तराला 'कधीपासून' हा रकाना आहे, आणि रिग्रेशनमध्ये (प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवायच्या टेस्टमध्ये) तीन कायमच्या केस आहेत: बरोबर ₹25,000 पगाराची महिला मुंबईत, तोच पगार बेंगळुरूमध्ये, आणि बेंगळुरूचा फेब्रुवारी 2025 चा पगार पुन्हा काढणे. अपेक्षित उत्तरे ₹0, ₹200 आणि ₹200.